नाशिक–मालेगाव–नाशिक: माझी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम

१९ जानेवारी २०२५ च्या रविवारी माझी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम पूर्ण झाली. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतंय, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका आहेत. खर्च किती येतो, नोंदणी कुठे करायची, वाटेत बाथरूमचं काय, एकटीचं पंक्चर झालं तर काय. प्रत्येकीला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून ठेवते. मी ४६ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि शाळा-कॉलेजात कधी कुठला खेळ खेळलेली नाही. माझ्यासारख्याच कुणाला उपयोग व्हावा म्हणून बारीकसारीक गोष्टीही गाळत नाही.

आधी बीआरएम म्हणजे काय ते. ठरलेला रस्ता ठरलेल्या वेळेत सायकलवर पूर्ण करायचा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. शर्यत नाही, त्यामुळे पहिला-दुसरा असे नंबर काढत नाहीत. वेळेत आलेले सगळे सारखेच. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबची या राइडला मान्यता असते, भारतात ऑडॅक्स इंडिया ही संस्था काम पाहते आणि प्रत्यक्ष आयोजन गावोगावचे क्लब करतात. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो. एकाच हंगामात चारही अंतरं केली की ‘सुपर रँडोनियर’ होता येतं, आणि त्याच्याही पुढे दर चार वर्षांनी होणारी, ९० तासांत १२०० किलोमीटरची पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस.

नाशिकमध्ये राहून सायकलिंग कानावर न येणं अवघडच. महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली तेव्हा शहरभर फलक लागले होते. पण ती नावं इतकी मोठी, की त्यांचा आपल्या आयुष्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ओळखीतले एक काका पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला गेले. त्यांच्या प्रत्येक कंट्रोलची, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्याची, वेळ ऑनलाइन दिसायची. मी बँकेतून आले की चहा ठेवायच्या आधी ते पान उघडायचे. निवृत्तीला आलेला, रोज भाजी आणताना भेटणारा माणूस तिकडे रात्रभर सायकल चालवतोय, हे बघून मनातलं काहीतरी हललं.

त्याआधी जूनमध्ये माझा एचबीए१सी (रक्तातली गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं डॉक्टरांनी समजावलं. माझी आई बरीच वर्षं इन्सुलिनवर होती, त्यामुळे तो आकडा वाचून पोटात गोळा आला. सप्टेंबरमध्ये एक वापरलेली हायब्रिड सायकल १९ हजारांना घेतली. दुकानदाराने सीटची उंची बघायची सोपी रीत शिकवली: पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट त्याहून खाली असेल तर गुडघे दुखतात. एवढ्या एका गोष्टीने माझा निम्मा त्रास कमी झाला.

लिहायला लागले ते त्याच महिन्यात. दर रविवारी राइड झाली की फेसबुकवर चार ओळी टाकायच्या: किती अंतर, किती वेळ, काय दुखलं, काय खाल्लं. अर्ध्यातून परत फिरले तर तेही लिहायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. फोटोत चेहऱ्यापेक्षा रस्ताच जास्त असायचा. सुरुवातीला घरच्या मंडळींशिवाय कुणी वाचत नव्हतं. एकदा मात्र सीटमुळे मांड्यांना झालेल्या जखमांबद्दल स्पष्ट लिहिलं, आणि त्या रात्री इनबॉक्स भरून गेला. सटाण्याच्या एका ताईंनी लिहिलं, ‘हेच होतंय म्हणून मी सायकल सोडली, पण विचारणार कुणाला?’ तेव्हा कळलं की हे लिहिणं माझ्यापुरतं राहिलेलं नाही. (त्या जखमांवरचा उपाय: पॅडवाल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काहीही घालायचं नाही, निघताना पेट्रोलियम जेली लावायची, आणि घरी आल्या आल्या कपडे बदलायचे. घामेजलेल्या शॉर्ट्सवर चहा पीत बसायचं नाही.)

ऑनलाइन लिहिणाऱ्या बायकांना एक कळकळीने सांगते. राइडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपवर घराच्या आसपासचा भाग लपवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. राइड चालू असताना ‘आत्ता इथे आहे’ असं जाहीर टाकू नका. घरी पोहोचल्यावर टाका. माझं लाइव्ह लोकेशन फक्त नवऱ्याकडे आणि एका मैत्रिणीकडे असतं.

सरावाचा क्रम साधाच होता. आधी गंगापूर धरणापर्यंत, मग त्र्यंबक रोडने अंजनेरी, मग थेट त्र्यंबकेश्वर, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. २०२४ च्या पावसाळ्यानंतर इगतपुरीपर्यंत जायला लागले. तिथेच एक गाठ सुटली आणि ती सोडवली एका अनोळखी वाचकाने. इगतपुरीच्या राइडचे आकडे मी टाकले होते: सायकल चालली पाच तास दहा मिनिटं, घर सोडून घरी येईपर्यंत आठ तासांच्या वर. त्याखाली सांगलीच्या एका अनुभवी सायकलस्वारांनी लिहिलं, ‘ताई, तुमचा वेग बीआरएमला पुरेसा आहे. तुम्ही थांबता किती ते बघा.’

मी बसून हिशेब केला. चहाला वीस मिनिटं, फोटोला दहा, बाटली भरायला दहा, जॅकेट काढायला थांबले की त्यात फोन बघितला जाई. तोवर मी वेग वाढवायच्या मागे लागले होते, आणि या वयात तो फारसा वाढत नव्हता. गरज त्याची नव्हतीच. माझ्या बीआरएमचा रस्ता प्रत्यक्षात २०६ किलोमीटरचा, त्याला ताशी १९ ची सरासरी धरली तर जवळपास पावणेअकरा-अकरा तास लागतात. म्हणजे खाणं, पाणी, बाथरूम, पंक्चर आणि कंट्रोलवरच्या सह्या यांसाठी अडीच तास उरतात. ते अडीच तास नीट वाटून वापरणं हीच खरी तयारी. पुढे प्रत्येक राइडला मी थांबण्याची वेळ मोबाइलवर लावायला लागले. सायकल टेकवायच्या आधी मनात यादी म्हणायची: बाथरूम, बाटल्या, खाणं, निघणं. बसायचं नाही, उभ्यानेच खायचं. डिसेंबरपर्यंत शंभर किलोमीटरच्या राइडला माझं थांबणं पाऊण तासावर आलं.

नोंदणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली. ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, रक्तगट, आणीबाणीत फोन करायचा नंबर, आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर भाग घेत आहे’ हे संमतिपत्र. शुल्क तेव्हा पाचशेच्या आत. मेडलचे पैसे वेगळे आणि ते ऐच्छिक. हवं असेल तर तिथेच खूण करावी लागते. माझ्या खात्यातून पैसे गेले पण नोंदणी झाल्याचा मेल आला नाही. चार दिवस जिवाला घोर. शेवटी पैसे भरल्याचा यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक) आणि स्क्रीनशॉट जोडून आयोजकांना मेल केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी यादीत नाव आलं. बँकेत रोज लोकांना ‘यूटीआर नंबर जपून ठेवा’ सांगते, तो सल्ला इथेही तितकाच खरा.

वैद्यकीय दाखला कुणी मागितला नव्हता. तरी मी ईसीजी आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करून घेतली, दोन्ही मिळून १,६०० रुपये. चाळिशीनंतर हे कराच. डॉक्टरांशी खाण्याबद्दलही बोलून घेतलं, कारण लांबच्या राइडला तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात आणि माझी साखर आधीच काठावर. चालवताना खा, उतरल्यावर आवरा, असं त्यांनी सांगितलं. मधुमेहाची औषधं चालू असतील त्यांनी मात्र स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझं काहीही उचलू नये.

सामानात हेल्मेट, पुढचा आणि मागचा दिवा, चमकणारं जॅकेट या सक्तीच्या वस्तू. शिवाय दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर लिव्हर, हातपंप, ओआरएसच्या पुड्या, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे. मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही. घरचं कुणी भेटायचं असेल तर ते कंट्रोलवरच. नवऱ्याला हे पटायला वेळ लागला. ‘हायवेवर तू एकटी आणि मी घरी बसून राहू?’ यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी त्याने मालेगावच्या कंट्रोलवर यायचं, तिथे भेटायचं आणि परत जायचं, असं ठरलं.

१९ तारखेला पहाटे सव्वापाचला सायकल तपासणीला पोहोचले. दिवे लावून दाखवायचे, ब्रेक दाबून दाखवायचे, सही करायची, आणि मग ब्रेव्हे कार्ड हातात. त्यावर प्रत्येक कंट्रोलचं अंतर आणि तो बंद व्हायची वेळ. माझ्या कार्डावर चांदवड १०:२०, मालेगाव १२:५२, परतीचं चांदवड १५:२४, शेवट १९:३०. या वेळा मी पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून हँडलला चिकटवल्या. या वेळा बघायला दिवसभरात फोन खिशातून काढावा लागला नाही तो या पट्टीमुळे.

ठीक सहाला निघालो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पहिला तासभर अंधारच. शहरातला उड्डाणपूल टाळून खालच्या रस्त्याने जायच्या सूचना होत्या. आडगाव, ओझर, आणि मग निफाड तालुक्याची ती सुप्रसिद्ध थंडी. हातमोज्यांतही बोटं कळेनाशी झाली. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली होती, तिने खरंच वारा अडवला. ऊन वर आल्यावर काढून टाकता येते. पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर डाव्या कडेने निघून जायचं. पुढे वडाळीभोई, सोग्रस फाटा, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि वारा समोरून. वाऱ्याशी भांडायचं नाही, हलका गिअर टाकून पाय फिरवत राहायचं, हे सांगलीच्या दादांचं वाक्य मनात घोळत होतं. चांदवडला ९:३५ ला पोहोचले. सही, बाथरूम, बाटल्या, केळं. पंधरा मिनिटांत बाहेर.

बाथरूमबद्दल इथेच सांगते. या रस्त्यावर मोठ्या पेट्रोल पंपांवर सोय आहे, सगळीकडे स्वच्छ नाही, काही ठिकाणी किल्ली मागावी लागते. कागदी साबण, टिश्यू आणि सुटे पैसे खिशात असू द्या. जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हा आपल्या बायकांचा जुना खेळ इथे चालत नाही. उन्हात तोच अंगाशी येतो. पाळीचंही बऱ्याच जणींनी विचारलं. माझी दोन दिवस आधी संपली होती. सरावात मात्र पाळीत चालवलं आहे आणि तेव्हा मेन्स्ट्रुअल कप बरा पडला, पॅड घासतं. पण ते आधी छोट्या राइडला करून बघा, मोठ्या दिवशी नवीन काही नको.

राहुड घाटाचा उतार सुखाचा होता. उमराणे गेलं आणि सौंदाण्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. एका बाजूला भरधाव ट्रक, कडेला मी. सायकल डांबरापासून चांगली दूर, मातीत नेली आणि आडवी केली. ट्यूब बाहेर काढली, आणि नवी घालायच्या आधी टायर आतून तपासला. फुटलेल्या ट्रक टायरच्या केसाएवढ्या बारीक तारा हायवेवर पडलेल्या असतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. बोट फिरवलं तर बोटालाच टोचतात, म्हणून मी कापसाचा बोळा फिरवते. जिथे कापूस अडकतो तिथे तार. तसाच अडकला. नखाने निघेना, तेव्हा भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढली. हा चिमटा टूल किटमध्ये ठेवाच. तार न काढता नवी ट्यूब घातली असती तर दोन किलोमीटरवर तीही गेली असती. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. माझ्या वाटणीत पंक्चरसाठी अर्धा तास राखून ठेवला होता, म्हणून हात थरथरले नाहीत.

मालेगावला १२:१० ला. नवरा दहीभाताचा डबा घेऊन उभा होता. त्याच्याकडे बघून रडू येईल की काय असं वाटलं, पण वेळ बघितली आणि जेवायला लागले. साडेबाराला परत फिरले.

परतीचा रस्ता अवघड, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मालेगाव नाशिकपेक्षा शंभर-दीडशे मीटर खाली आहे, म्हणजे दमल्यावर चढायचं आहे. भर दुपारी राहुड घाट. सकाळी गारठवणारी हवा आता तापली होती, रस्त्याची धग तोंडावर येत होती. घाटात मी सगळ्यात हलक्या गिअरवर, ताशी आठ-नऊने. एका वळणावर उतरून चालत गेले. चालण्याची परवानगी आहे, त्यात कमीपणा काही नाही. परतीच्या चांदवडला २:४५. हातात ३९ मिनिटं. इथे लिंबूपाणी, मीठ, आणि डोक्यावर गार पाणी.

सगळ्यात वाईट भाग आला तो १६५ ते १८० किलोमीटरच्या दरम्यान. गोड काही तोंडाजवळ नेलं की मळमळायचं. करंगळ्या बधिर झाल्या होत्या. रस्ता सरळ, कंटाळवाणा, आणि अंतर हलता हलेना. बटाटे राखून ठेवले होते ते इथे कामी आले; चिमूटभर मीठ आणि अर्धा बटाटा, दर वीस मिनिटांनी. पिंपळगावच्या पुढे कॉलेजातली दोन मुलं भेटली, तीही पहिलीच बीआरएम करत होती. एकाने विचारलं, ‘काकू, मागे येऊ का? माझा मागचा दिवा मंद झालाय.’ त्याला मधे घेतलं, सगळ्यात मागे मी, माझा दिवा चांगला होता. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळला. ओझरनंतर वाहतूक वाढली. आम्ही पांढऱ्या पट्टीच्या डावीकडून, एकामागे एक, खड्डा आला की पुढे असेल तो हाताने दाखवणार. त्या शेवटच्या तासात तिघांत फारसं बोलणं झालं नाही, पण ते दोघे नसते तर मला तो तास फार जड गेला असता.

७:०५ ला कार्ड आयोजकांच्या हातात दिलं. तेरा तास पाच मिनिटं. एकूण थांबणं अडीच तासांच्या आसपासच भरलं. घरी येऊन वरण-भात खाल्ला आणि झोप मात्र पहाटेपर्यंत लागली नाही. असं होतं म्हणतात, घाबरू नका. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा. करंगळ्यांचा बधिरपणा दहा दिवस राहिला. सरळ हँडलवर हाताची जागा दर थोड्या वेळाने बदलायची, हे मी आता काटेकोर पाळते आहे.

त्या दिवसाचे सगळे आकडे मी जसेच्या तसे टाकले: प्रत्येक थांबा, किती मिनिटं, काय खाल्लं. फोटोंपेक्षा लोकांना तोच तक्ता जास्त उपयोगी पडला असं दिसतं. सटाण्याच्या ताईंनी पुन्हा सायकल काढली आहे, आणि त्या मला थांबण्याच्या मिनिटांचा हिशेब पाठवतात. याचा मला फार आनंद आहे.

निकालाचं असं असतं: आधी क्लब वेळेत आलेल्यांची तात्पुरती यादी लावतो, मग ती पुढे पाठवली जाते आणि पॅरिसहून मान्यतेचा क्रमांक येतो. याला आठवडे लागतात आणि मेडलला महिने. माझं अजून आलेलं नाही. नावाचं स्पेलिंग नोंदणीच्या वेळीच नीट तपासा, नंतर बदलायला बरीच पत्रापत्री होते.

खर्चाचं विचाराल तर सायकल सोडून हेल्मेट १,८००, दोन्ही दिवे २,२००, शॉर्ट्स १,४००, ट्यूब आणि हत्यारं दीड हजार, बाकी किरकोळ. हे सगळं एकदम घ्यावं लागत नाही. मी वर्षभरात जमेल तसं घेतलं. डिसेंबरमध्ये एचबीए१सी ५.७ आला. डॉक्टर म्हणाले, यात रात्रीचं जेवण साडेसातला आणल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय सायकलला देऊ नका. म्हणून तेही इथे लिहिते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सरावाला एकटीने हायवेवर जाऊ नये. दर रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही काही जणी त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जातो, सगळ्यात हळू असेल तिच्या वेगाने. येणार असाल तर आदल्या दिवशी मेसेज करा, आणि स्वतःच्या मापाची एक जादा ट्यूब बरोबर आणा.